वाचकांचे प्रश्न : एकाच मातीचे दोन रंग

ग्रीक चित्रित भांड्यांवरील मागील अंकातल्या सचित्र पानांनंतर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले पत्र एका कुंभाराच्या नातवाचे आहे. ज्याने आवा प्रत्यक्ष पाहिला आहे, त्यालाच सुचेल असा तो प्रश्न असल्यामुळे त्याचे उत्तर थोडे सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझे आजोबा आवा उतरणीला लागला की वरून ओला भुसा आणि शेणाचा चुरा टाकत आणि सगळा आवा चिखलाने लिंपून घेत. त्यातून काळी मडकी निघत. ग्रीक भांड्यांवर मात्र चकचकीत काळा आणि स्वच्छ तांबडा असे दोन्ही रंग शेजारी शेजारी दिसतात. धूर कोंडला तर सगळेच भांडे काळे व्हायला हवे. मग हे कसे साधत असत? — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या आजोबांच्या मडक्याचा काळा आणि अथेन्सच्या भांड्याचा काळा हे दोन वेगळे काळे आहेत. लिंपलेल्या आव्यात कोंडलेल्या धुरातील काजळी मातीच्या छिद्रांत शिरून बसते आणि मडके काळे होते. हा काळा कार्बनचा असतो, म्हणून तेच मडके पुन्हा उघड्या आगीत तापवले तर काजळी जळून जाते आणि आतली तांबडी माती परत दिसू लागते. ग्रीक भांड्याचा काळा लोहाचा आहे. भांड्याला तांबडेपणा ज्या लोहामुळे येतो, त्याच लोहाचे ते दुसरे रूप आहे.

अथेन्सभोवतीच्या अ‍ॅटिका प्रदेशातील मातीत लोह भरपूर असल्यामुळे ती भाजली की नारिंगी-तांबडी होते. कुंभार ही माती पाण्यात कालवून निथळू देत, जड कण तळाशी बसले की वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घेत आणि हे पुन्हा पुन्हा केल्यावर शेवटी अतिशय बारीक कणांचा, सायीसारखा दाट लेप हाती येई. या लेपात वेगळा रंग मिसळलेला नसे, आणि ज्याला आपण झिलई म्हणतो तशी काचेची पूडही नसे. भांडे ज्या जातीच्या मातीचे, त्याच जातीच्या मातीचा हा बारीक अंश होता. चित्रकार अर्धवट वाळलेल्या भांड्यावर कुंचल्याने हा लेप लावी. त्या वेळी लेप आणि अंग यांच्या रंगांत फरक अगदी थोडा असे, म्हणजे तांबूस मातीवर किंचित गडद तांबूस. आज आपण जे ठसठशीत काळे-तांबडे चित्र पाहतो, ते चित्रकाराला काम करताना दिसतच नव्हते. ते त्याला मनात धरून ठेवावे लागे आणि पुढचे काम आगीवर सोपवावे लागे.

भट्टी एकदाच पेटवली जाई, पण तिच्यातील हवा तीनदा बदलली जाई. पहिल्या टप्प्यात झरोके उघडे ठेवून उष्णता सुमारे ८०० अंशांपर्यंत नेत, तेव्हा भांडे आणि लेप दोन्ही तांबडे होत. मग झरोके बंद करून ओले लाकूड घालत आणि उष्णता ९५० अंशांच्या आसपास चढवत. हवा कोंडल्यामुळे आत कार्बन मोनॉक्साइड तयार होई, तो मातीतील लोहाकडून ऑक्सिजन काढून घेई आणि अख्खे भांडे काळे पडे. याच टप्प्यात लेपाचे सूक्ष्म कण वितळायला लागून एकमेकांना चिकटत आणि लेपाची घट्ट, जवळजवळ काचेसारखी पापुद्र्याएवढी त्वचा तयार होई. शेवटी उष्णता उतरत असताना झरोके पुन्हा उघडत. भांड्याचे अंग सच्छिद्र असल्यामुळे ते ऑक्सिजन परत शोषून घेई आणि तांबडे होई. लेपाची त्वचा मात्र मिटलेली असल्यामुळे तिच्या आत हवा शिरत नसे आणि ती काळीच राही.

आजोबांच्या आव्यात जे होई, ते या तीन टप्प्यांपैकी दुसऱ्याशी मिळतेजुळते आहे. ग्रीक कुंभाराचे खरे कसब तिसऱ्या टप्प्यात होते, कारण झरोके लवकर उघडले तर लेप पुरता मिटलेला नसे आणि तोही तांबडा होऊन बसे. संग्रहालयांतील कित्येक भांड्यांच्या काळ्या भागावर असे विटकरी डाग दिसतात, ते याच घाईचे किंवा भट्टीत झालेल्या असमान तापाचे आहेत. आतली स्थिती कळावी म्हणून कुंभार लेप लावलेले, भोक पाडलेले खापराचे तुकडे भट्टीत ठेवत आणि आकड्याने बाहेर ओढून रंग पाहत. असे तुकडे उत्खननात मिळाले आहेत. कोरिंथजवळ पेंतेस्कूफिया येथे सापडलेल्या लहान चित्रित मातीच्या पाट्यांवर तर घुमटाकार भट्टी आणि तिच्याशी खटपट करणारा कुंभार प्रत्यक्ष चितारलेला आहे. पुढे ही कला लोपली आणि त्या काळ्याचे रहस्य शतकानुशतके कोणालाच ठाऊक नव्हते. थेओडोर शुमान या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९४२ मध्ये ते प्रयोगाने उलगडून दाखवले.

प्रश्न : काही भांड्यांवर तांबड्या पार्श्वभूमीवर काळ्या आकृती आहेत, तर काहींवर नेमके उलट आहे. हा बदल केवळ आवडीनिवडीचा होता की त्यामागे चित्रकाराची काही अडचण होती? — एक चित्रकला शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : अडचण होती, आणि ती रेषेची होती.

काळ्या आकृतींची शैली इ.स.पू. ७०० च्या सुमारास कोरिंथमध्ये जन्मली आणि पुढे अथेन्सच्या चित्रकारांनी ती पूर्णत्वाला नेली. या पद्धतीत आकृती सावलीसारखी अखंड काळ्या लेपात भरत आणि मग टोकदार हत्याराने लेप खरवडून आतले तपशील कोरत, म्हणजे डोळा, दाढीचे केस, चिलखताच्या कडा, वस्त्राची नक्षी. कोरलेल्या जागी खालची माती उघडी पडे आणि भाजल्यावर तिथे तांबडी रेघ दिसे. स्त्रियांचे चेहरे आणि हातपाय काळ्यावर पांढरी माती चढवून दाखवत. दाढी, घोड्याची आयाळ, वस्त्राचे पट्टे यांसाठी जांभळट तांबडा वापरत.

या शैलीचे शिखर पाहायचे तर व्हॅटिकनच्या संग्रहालयातील एक्सेकियास या चित्रकाराची कुंभाकृती अ‍ॅम्फोरा, म्हणजे दोन कानांची उभी बरणी, पाहावी. ती इ.स.पू. ५४० ते ५३० या काळातील आहे. ट्रॉयच्या युद्धात थोडी उसंत मिळालेले अकिलीस आणि एजॅक्स हे दोन वीर समोरासमोर बसून पटावर खेळत आहेत. भाले हातात तसेच आहेत, ढाली मागे टेकवलेल्या आहेत. अकिलीसने शिरस्त्राणही उतरवलेले नाही. दोघांच्या तोंडातून शब्द निघाल्यासारखे लिहिले आहेत : अकिलीस म्हणतो ‘चार’, एजॅक्स म्हणतो ‘तीन’. भाल्यांच्या तिरप्या रेघा आपली नजर पटाकडे ओढून नेतात आणि दोन्ही वाकलेल्या पाठी भांड्याच्या फुगीर पोटाशी जुळून येतात. त्यांच्या अंगरख्यांवरील फुले आणि चांदण्या इतक्या बारीक कोरल्या आहेत की कापडावरचे भरतकामच वाटावे. हे दोघेही युद्धातून जिवंत परतणार नाहीत, हे प्रत्येक ग्रीक प्रेक्षकाला ठाऊक होते. एकाचा बाणाने अंत होणार होता आणि दुसरा स्वतःच्या तलवारीवर पडणार होता. कोरीव रेघेने याहून अधिक काही सांगता येईल, असे मला वाटत नाही.

पण कोरलेली रेघ ती कोरलेली रेघच. तिची जाडी सर्वत्र सारखी राहते, ती सहज वळत नाही आणि स्नायूची उतरण किंवा पाठ फिरवून उभ्या असलेल्या माणसाचा पिळवटलेला कणा तिच्याने नीट साधत नाही. इ.स.पू. ५३० ते ५२० च्या सुमारास अथेन्समध्ये कोणी तरी हा सारा हिशेब उलटा केला. आता पार्श्वभूमी काळ्या लेपाने भरायची, आकृतीची जागा मोकळी, म्हणजे तांबडी ठेवायची आणि तपशील कोरण्याऐवजी कुंचल्याने काढायचे. हा बदल अँडोकिडीस या कुंभाराच्या कारखान्यातील चित्रकाराकडे बोट दाखवतो. त्या काळातील काही भांडी तर दुभाषी म्हणावीत अशी आहेत : एका बाजूला काळ्या आकृती आणि दुसऱ्या बाजूला लाल. कधी कधी दोन्हीकडे विषयही तोच असतो. नव्या पद्धतीची चाचणी चालू असताना जुनी अजून सोडवत नव्हती, हे त्या एकाच भांड्यावर वाचता येते.

आपण शिकवता म्हणून रेषेबद्दल आणखी थोडे लिहितो. लाल आकृतींच्या चित्रकाराकडे दोन प्रकारच्या रेघा होत्या. दाट लेपाची रेघ पृष्ठभागावर उठून राहते. तिच्यावरून बोट फिरवले तर ती हाताला लागते आणि तिरप्या उजेडात दोऱ्यासारखी चमकते. पातळ केलेल्या लेपाची रेघ भाजल्यावर काळी न होता मधासारखी तपकिरी होते आणि पोटाचे स्नायू, गालावरची कोवळी लव किंवा सोनेरी केस यांसाठी ती कामी येई. आधी कच्च्या मातीवर बोथट टोकाने किंवा कोळशाने आराखडा काढत, आणि त्या टोकाच्या उथळ खुणा आजही दिसतात. कित्येकदा अंतिम हात आराखड्यापेक्षा वेगळ्या जागी गेलेला असतो, म्हणजे चित्रकाराने ऐनवेळी विचार बदलला होता. त्यानंतर आकृतीभोवती सुमारे तीन मिलिमीटरचा काळा पट्टा फिरवत आणि उरलेली पार्श्वभूमी मोठ्या कुंचल्याने भरून टाकत.

या नव्या रेषेने अथेन्सच्या चित्रकारांना अक्षरशः झपाटून टाकले. युफ्रोनिओसने इ.स.पू. ५१५ च्या सुमारास रंगवलेल्या मिश्रणपात्रावर, म्हणजे दारू आणि पाणी एकत्र करायच्या भांड्यावर, निद्रा आणि मृत्यू हे दोन पंखधारी भाऊ ट्रॉयच्या युद्धात पडलेल्या सार्पेडॉन या वीराचा भला थोरला देह उचलत आहेत. त्या देहाच्या जखमांतून रक्त वाहते आहे, आणि बरगड्या व पोट पाहताना शरीर आतून समजून घेण्याचा चित्रकाराचा ध्यास जाणवतो. त्याचाच समकालीन युथिमिडीस याने एका अ‍ॅम्फोरावर तीन झिंगलेले नर्तक काढले. त्यांतला एक पाठीकडून, कमरेत वळलेला दाखवला आणि शेजारी लिहिले, ‘युफ्रोनिओसला असे कधीच जमले नाही’. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या वाक्याचा अर्थ अभ्यासक वेगवेगळा लावतात. मला तरी ती शेजारच्या कारखान्यातील तोलामोलाच्या माणसाला दिलेली मोकळी हाक वाटते. ते भांडे म्युनिकमध्ये आहे.

एक गोष्ट मात्र जुन्या शैलीतच राहिली. अथेन्समधील देवी अथेनाच्या उत्सवात स्पर्धा जिंकणाऱ्यांना पवित्र ऑलिव्हच्या झाडांचे तेल मोठ्या अ‍ॅम्फोरांत भरून बक्षीस देत. त्या अ‍ॅम्फोरा लाल आकृतींची शैली रूढ झाल्यावरही शतकानुशतके काळ्या आकृतींनीच रंगवल्या जात. एका बाजूला शस्त्र उगारलेली अथेना, दुसऱ्या बाजूला धावणे, कुस्ती किंवा रथ. धर्मकार्यातील रूप सहसा बदलत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

प्रश्न : ही भांडी ग्रीक असली तरी त्यांतील उत्तमोत्तम इटलीत सापडली असे वाचले. ती तिकडे कशी गेली? आणि एक प्रसिद्ध भांडे संग्रहालयातच फुटले, हे खरे आहे का? — एक वाचक, लातूर

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मध्य इटलीत राहणारे एट्रुस्कन लोक अथेन्सच्या भांड्यांचे मोठे ग्राहक होते आणि ती भांडी ते मृतांबरोबर खडकात कोरलेल्या दालनांत ठेवत. दालने बंद राहिल्यामुळे भांडी अखंड टिकली. ग्रीसमधील वापरातली भांडी मात्र घरोघरी फुटून उकिरड्यावर गेली. १८२८ पासून वुल्ची येथील थडग्यांतून हजारो भांडी निघू लागली, तेव्हा अनेक जण त्यांना एट्रुस्कनच समजत. त्यांवरची ग्रीक अक्षरे आणि सह्या वाचल्या गेल्या, तसा तो गैरसमज दूर झाला.

आपण विचारलेले भांडे म्हणजे फ्लॉरेन्समधील फ्रांस्वा पात्र. क्युसीजवळ १८४४-४५ मध्ये त्याचे तुकडे अलेस्सांद्रो फ्रांस्वा यांना मिळाले. ६६ सेंटिमीटर उंचीच्या या मिश्रणपात्रावर सुमारे २७० आकृती आहेत आणि शंभराहून अधिक नावे लिहिलेली आहेत. माणसे, घोडे आणि देवच नव्हे, तर पाण्याचा हौद आणि बसायचे आसन यांच्याही शेजारी नाव आहे. इ.स.पू. ५७० च्या सुमारास ते एर्गोटिमोसने घडवले आणि क्लाइटियासने रंगवले. १९०० मध्ये संग्रहालयाच्याच एका पहारेकऱ्याने रागाच्या भरात त्याच्या काचेच्या पेटीवर लाकडी स्टूल फेकले आणि पात्राचे ६३८ तुकडे झाले. ते तुकडे जुळवून पात्र पुन्हा उभे केले गेले आणि १९७३ मध्ये त्याची नव्याने जुळणी झाली. आज ते पाहणाऱ्याला सांधे शोधावे लागतात.

सार्पेडॉनच्या ज्या पात्राचा वर उल्लेख आला, त्याची कथा अधिक दुखरी आहे. चोरट्या खोदकामातून निघालेले ते पात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२ मध्ये सुमारे दहा लाख डॉलरना विकत घेतले आणि २००८ मध्ये ते इटलीला परत करावे लागले. पात्र परत आले, पण ते कोणत्या थडग्यात, कोणाच्या उशाशी, कशाच्या सोबत ठेवले होते ही माहिती खोदणाऱ्यांनी कायमची पुसून टाकली. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही चोरी सर्वांत मोठी आहे.

प्रश्न : जोर्वे येथील ताम्रपाषाणयुगीन भांड्यांवरही तांबड्या अंगावर काळी भौमितिक नक्षी आहे. ग्रीसच्या भौमितिक शैलीशी तिचा काही संबंध आहे का? — एक विद्यार्थी, संगमनेर

उत्तर : नाही. प्रवरेकाठच्या जोर्वे येथे ओळखली गेलेली आणि इनामगाव, दायमाबाद येथेही मिळणारी ही भांडी मुख्यतः इ.स.पू. १४०० ते १००० या काळातील आहेत, तर अथेन्सची भौमितिक शैली साधारण इ.स.पू. ९०० ते ७०० या काळातील आहे. दोहोंमध्ये देवाणघेवाणीचा पुरावा नाही. चाकावर फिरणाऱ्या भांड्याला कुंचला टेकवला की पट्टा आपोआप उमटतो आणि पट्ट्यांमधल्या जागेत त्रिकोण, जाळी, तिरप्या रेघा भराव्याशा वाटतात. म्हणून अशी नक्षी जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मली. ग्रीक नक्षीचे वेगळेपण तिच्या घट्ट विणीत आहे. त्यांनी कर्कटकाला अनेक कुंचले बांधून एकाच केंद्राची वर्तुळे काढली आणि कर्कटकाच्या टोकाचा खड्डा आजही वर्तुळाच्या मध्यभागी दिसतो. अथेन्सच्या दिपिलोन स्मशानातील, इ.स.पू. ७५० च्या सुमाराची दीड मीटरहून उंच अ‍ॅम्फोरा काठापासून बुडापर्यंत नक्षीने भरली आहे. दोन कानांच्या मधल्या चौकटीत तिरडीवर ठेवलेली मृत स्त्री आणि डोक्याला हात लावून शोक करणारी काटकोळी माणसे आहेत. ते भांडे त्या स्त्रीच्या थडग्यावर खूण म्हणून उभे होते. आपण दोन्हींची तुलना जरूर करावी, पण ती नात्याची नव्हे, हाताच्या सवयींची असावी.

प्रश्न : ‘बर्लिन चित्रकार’ हे नाव कसले? आणि या भांड्यांखेरीज ग्रीकांची खरी चित्रे उरलीच नाहीत का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : काही चित्रकारांनी सह्या केल्या. अथेन्सच्या चित्रकारांत आपल्याला नावाने माहीत असलेला पहिला सोफिलोस, इ.स.पू. ५८० च्या सुमाराचा. सहीत कुंभारासाठी ‘घडवले’ आणि चित्रकारासाठी ‘लिहिले’ असा शब्द येतो, कारण ग्रीक भाषेत लिहिणे आणि रेखणे यांना एकच क्रियापद आहे. आपल्याकडे संस्कृतातील लिख् धातूवरून चित्राला ‘आलेख्य’ म्हणतात, त्याची येथे आठवण व्हावी. पण बहुतेक भांड्यांवर सही नाही. ऑक्सफर्डचे जॉन बीझ्ली (१८८५–१९७०) यांनी आयुष्यभर हजारो भांड्यांवरील कान, घोटे, गळ्याची हाडे आणि वस्त्रांच्या चुण्या तपासल्या. हस्ताक्षर ओळखावे तसे त्यांनी हात ओळखले आणि निनावी चित्रकारांना त्यांच्या एखाद्या भांड्याच्या ठिकाणावरून नावे दिली. बर्लिनमधील एका अ‍ॅम्फोरावरून ओळखला गेलेला तो बर्लिन चित्रकार. तो चौकट टाळतो आणि काळ्या चकाकीवर एखादीच आकृती अधांतरी ठेवतो. कोणतेही खापर त्याचे म्हणताना बीझ्लींना अशाच सवयींचा आधार होता.

लाकडी फळ्यांवरची आणि भिंतींवरची ग्रीक चित्रे मात्र बहुतेक नष्ट झाली. झ्यूक्सिस, पॉलिग्नोटस यांची कीर्ती लेखकांनी जपली, चित्रे उरली नाहीत. अपवाद मोजके आहेत. दक्षिण इटलीतील पेस्टम येथे १९६८ मध्ये सापडलेल्या थडग्याच्या झाकणावर पाण्यात सूर मारणारा तरुण आहे. उत्तर ग्रीसमधील व्हर्जिना येथे मानोलिस आंद्रोनिकोस यांनी १९७७ मध्ये उघडलेल्या थडग्यात पाताळाचा देव हेडीस पर्सेफोनी या देवीला रथातून पळवून नेत असल्याचे चित्र आहे.

या हरवलेल्या चित्रांच्या सर्वांत जवळ जायचे तर मी इ.स.पू. पाचव्या शतकातील पांढऱ्या अंगाच्या लेकिथोस पाहायला सांगेन. लेकिथोस म्हणजे तेलाची उंच, अरुंद मानेची कुपी. तिच्या अंगावर पांढऱ्या मातीचा थर देऊन, त्यावर बारीक रेघांनी थडग्यापाशी फिती घेऊन आलेली स्त्री किंवा निरोप घेणारा तरुण काढत. वस्त्रांचे निळे-हिरवे रंग भाजणीनंतर लावलेले असल्याने ते उडून गेले आहेत, म्हणून आज अनेक आकृती विवस्त्र वाटतात, पण त्या तशा नव्हत्या. या कुप्या रोजच्या वापराच्या नसून मृतांना वाहायच्या असत. काहींच्या आत मानेखाली आणखी एक लहानशी कुपी बसवलेली सापडते : बाहेरून कुपी काठोकाठ भरलेली दिसावी आणि महाग तेल मात्र थोडेच लागावे म्हणून.